नळ सुधारेपर्यंतचं बालपण

उत्तर दिल्लीत रिजच्या टेकडीवर महापालिकेचं एक मोठं रुग्णालय आहे. त्याला सगळी दिल्ली नुसतं ‘हिंदूराव’ म्हणते. हे हिंदूराव कागलच्या घाटग्यांच्या घराण्यातले, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा 1835 मध्ये खून झाल्यावर त्याची टेकडीवरची कोठी त्यांच्याकडे आली. 1857 च्या वेढ्यात त्याच कोठीत इंग्रजांचं पुढचं ठाणं होतं, आणि रिजवरच्या त्या छावणीत जनरल बर्नार्डला मृत्यू आला तो कॉलऱ्याने. रुग्णालय सुरू झालं 1911 मध्ये. टेकडीच्या पायथ्याला चंद्रावलचं जलशुद्धीकरण केंद्र आहे आणि तिथून काही किलोमीटरवर वजिराबाद, जिथे यमुनेचं पाणी शहरासाठी उचललं जातं. जवळच दिल्ली विद्यापीठाचा उत्तर परिसर, आणि थोडं पुढे मुखर्जीनगर, जिथे महाराष्ट्रातली असंख्य मुलं स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी दाटीवाटीच्या खोल्यांत राहतात आणि मेसचं जेवतात. पाण्यातून आणि अन्नातून पसरणाऱ्या काविळीबद्दल बोलायला यापेक्षा योग्य जागा देशात क्वचितच सापडेल.

वाद असा आहे: हिपॅटायटिस ए ची लस सरकारने सगळ्या मुलांना द्यावी का? बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या, म्हणजे इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या वेळापत्रकात ती आहे. सरकारच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही. ज्याच्या खिशात एका डोसमागे हजार-दोन हजार रुपये आहेत त्याच्या मुलाला ती मिळते, बाकीच्यांना मिळत नाही. जुन्या शास्त्रार्थाच्या रीतीने दोन्ही बाजू मांडतो. पूर्वपक्ष पाण्याच्या बाजूने बोलतो आणि तो मी दुबळा ठेवलेला नाही. उत्तरपक्ष माझा आहे.

पूर्वपक्ष: तुम्ही जागा निवडलीत तीच तुमच्या विरोधात साक्ष देते. 1955 च्या हिवाळ्यात यमुनेचा प्रवाह आटला आणि सरकला. नजफगढ नाल्याचं मैलापाणी उलट चढून वजिराबादच्या पंपांपर्यंत आलं आणि चंद्रावलमधून शहरभर गेलं. डिसेंबर ते जानेवारी या काळात 29 हजारांहून जास्त लोकांना कावीळ झाली, गर्भवती बायका दगावल्या. पाण्यात क्लोरीन वाढवलं होतं, म्हणून टायफॉइड आणि हगवण वाढली नाही. विषाणू मात्र त्यातूनही निसटला. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ही साथ पाण्यातून आलेल्या ‘हिपॅटायटिस ए’चं उदाहरण म्हणून गेली. पुढे काय निघालं? साठवून ठेवलेले रक्तनमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने अमेरिकी शास्त्रज्ञांबरोबर तपासले, 1980 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापला, आणि ती साथ ए ची नव्हतीच असं ठरलं. ज्याला आज आपण हिपॅटायटिस ई म्हणतो तो हा विषाणू. 2012 मध्ये तुमच्या कागलच्याच जिल्ह्यात, इचलकरंजीत, काविळीची साथ आली, तीही ई ची. म्हणजे ए ची लस उद्या देशातल्या प्रत्येक मुलाला टोचली तरी या दोन्ही साथी जशा आल्या तशाच आल्या असत्या. शुद्ध पाण्याने ए, ई, कॉलरा, टायफॉइड आणि जुलाब हे सगळं एकदम थांबतं. दिल्लीच्या साथीनंतर थोड्याच काळात, 1958 मध्ये, नागपुरात पाणी आणि सांडपाण्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली, जिला आज आपण नीरी म्हणतो. तो रस्ता बरोबर होता. कराडजवळच्या मलकापूरसारख्या लहान गावाने चोवीस तास दाबाने पाणी देऊन दाखवलं. राजधानीला ते का जमू नये? सरकारच्या हाती लस दिली की नळाची लाज कमी होते, एवढंच.

उत्तरपक्ष: तुमची ई बद्दलची गोष्ट शंभर टक्के खरी आहे आणि लसीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ती आधी स्वतः सांगायला हवी. ए ची लस म्हणजे ‘काविळीची लस’ असं म्हणणं ही फसवणूक आहे. ई वर चीनमध्ये 2011 मध्ये परवाना मिळालेली लस आहे, 2022 मध्ये दक्षिण सुदानमधल्या विस्थापितांच्या छावणीत ती साथीत वापरलीही गेली, पण तो वेगळा विषय. माझा मुद्दा तुमच्याच पुराव्यातून निघतो. 1955 च्या दिल्लीत एवढं मैलापाणी लोकांच्या पोटात गेलं, त्यात ए चा विषाणू नक्कीच असणार. मग प्रौढांमध्ये ए ची साथ का आली नाही? कारण त्या काळी जवळजवळ प्रत्येकाला तो लहानपणीच होऊन गेलेला होता आणि एकदा झाला की जन्मभराचं संरक्षण मिळतं. सहा वर्षांखालच्या मुलांत दहापैकी सुमारे सात जणांना या संसर्गात कावीळ दिसतही नाही. थोडा ताप, दोन दिवस खाणं नको, संपलं. प्रौढांत प्रमाण उलटं होतं: बहुतेकांना कावीळ होते, महिना-महिना अंथरूण धरावं लागतं, आणि पन्नाशीनंतर शंभरात एक-दोन जण दगावतात. म्हणजे घाणेरड्या पाण्याच्या शहरात ए हा बालपणी नकळत होऊन जाणारा आजार असतो. पाणी अर्धवट सुधारलं की तो पुढे ढकलला जातो, आणि पुढे ढकलला गेला की अंगावर येतो. हे तर्काने काढलेलं नाही. त्याच पुण्याच्या विषाणू संस्थेत विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी 1982 आणि 1998 मधले रक्तनमुने ताडून पाहिले. दरम्यानच्या सोळा वर्षांत बऱ्या आर्थिक स्थितीतल्या शहरी मुलांत ए च्या अँटिबॉडी असण्याचं प्रमाण स्पष्ट घटलं होतं. म्हणजे तुमचं पाणी जसजसं सुधारत जाईल, तसतशी या एका आजाराच्या लसीची गरज वाढत जाईल. इतर बहुतेक जलजन्य आजारांबद्दल असं म्हणता येत नाही, आणि ‘आधी पाणी, मग लस’ हा क्रम इथेच फसतो.

केरळकडे पाहा. शिक्षण, बालमृत्यू, स्वच्छतागृहं, कशातही केरळ दिल्लीच्या मागे नाही. तरीही 2024 मध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वेंगूर पंचायतीत नळाच्या पाण्यातून दोनशेहून जास्त लोकांना हिपॅटायटिस ए झाला, मलप्पुरममध्येही साथ पसरली, आणि मृत्यू झाले. स्वच्छ घरांत वाढलेली पिढी मोठी झाली होती, विषाणूशी तिची गाठ कधी पडलेलीच नव्हती, आणि एका दूषित स्रोताने तिला गाठलं. शांघायमध्ये 1988 च्या जानेवारीत तेच मोठ्या प्रमाणावर झालं होतं: अर्धकच्च्या शिंपल्यांतून सुमारे तीन लाख लोकांना लागण झाली, त्यांत तरुण सगळ्यांत जास्त. मुखर्जीनगरच्या मेसमध्ये जेवणारा, लातूरहून किंवा नाशिकहून आलेला बावीस वर्षांचा मुलगा याच वर्गातला आहे. घरी फिल्टरचं पाणी, शाळेत बाटली. आणि पूर्वपरीक्षेच्या तोंडावर डोळे पिवळे.

पूर्वपक्ष: मग त्याने टोचून घ्यावी, त्याला कोण अडवतंय? पण सगळ्या मुलांना कशाला? तुम्हीच म्हणालात, लहानपणी तो कळतही नाही. निसर्ग फुकटात जन्मभराचं संरक्षण देतो, ते विकत घ्यायचं?

उत्तरपक्ष: फुकट कुणाला, हे विचारायला हवं. दहातल्या सात मुलांना कळत नाही, तीन मुलांना कळतं. त्यांतल्या फार थोड्या मुलांत यकृत काही दिवसांत कोसळतं. प्रमाण हजारात एखादं असेल, पण देशात मुलं किती आहेत? दिल्लीतल्या आणि पुण्यातल्या रुग्णालयांतल्या अभ्यासांत, मुलांचं यकृत अचानक निकामी होण्याच्या ज्या कारणांचा छडा लागला, त्यांत हिपॅटायटिस ए सगळ्यांत वरच्या कारणांपैकी एक निघाला. अशा मुलाला अतिदक्षता विभाग लागतो, कधी यकृताचं प्रत्यारोपण लागतं. त्याचा खर्च लाखांत जातो आणि अवयवदाता शोधायला मिळतात फार तर काही दिवस. अर्जेंटिनात नेमकं हेच होत होतं. मुलांचं यकृत निकामी होण्याचं तिथलं प्रमुख कारण हिपॅटायटिस ए होतं. 2005 मध्ये त्यांनी एक वर्षाच्या प्रत्येक बाळाला एकच डोस द्यायला सुरुवात केली. रुग्णसंख्या चार-पंचमांशांहून जास्त घटली, आणि दोन वर्षांत या आजारामुळे मुलांचं यकृत बदलण्याची वेळ येणं थांबलं. हा आजार ‘सौम्य’ वाटण्याचं एक कारण आपल्या घरांतही आहे. कावीळ झाली की माळ घालतात, चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतात, पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली म्हणतात. ए ची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, म्हणून माळेला यश मिळतं. पण पोर गुंगीत जायला लागलं, असंबद्ध बोलायला लागलं, तर या उपायांत गेलेला एकेक दिवस त्याच्या जिवावर येतो.

पूर्वपक्ष: मान्य. आता माझा खरा आक्षेप ऐका, कारण तो पैशाचा नाही आणि पाण्याचाही नाही. लस अर्धवट दिली तर नुकसान होतं. ग्रीसमध्ये रुबेलाची लस वर्षानुवर्षं खासगीतून, थोड्याच मुलांना मिळत राहिली. विषाणू फिरायचा कमी झाला, लस न घेतलेल्या मुली लहानपणी आजारी न पडता मोठ्या झाल्या, आणि 1993 मध्ये साथ आली तेव्हा गरोदरपणात लागण होऊन अनेक बाळं जन्मजात व्यंग घेऊन आली. ए चंही तसंच होईल. श्रीमंत मुलांना टोचाल, विषाणूचा फेरा मंदावेल, आणि रिजजवळच्या मलकागंजच्या मागच्या गल्लीतल्या ज्या मुलाला तो चौथ्या वर्षी नकळत होऊन गेला असता, त्याला चोविसाव्या वर्षी, कामावर असताना होईल. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा म्हणते की जिथे विषाणू अजून खूप पसरलेला आहे तिथे ही लस सगळ्यांना देऊ नका.

उत्तरपक्ष: यावर मी तुमच्याशी भांडणार नाही, तुमचा हाच आक्षेप मला सरकारी कार्यक्रमाकडे नेतो. अर्धवट लसीकरण आज सुरू आहे. खासगी दवाखान्यांत वर्षानुवर्षं ही लस दिली जाते आहे, ज्यांना परवडते ते घेत आहेत. तुम्ही वर्णन केलेला धोका ‘लस दिली तर’ येणारा नाही, तो ‘लस निम्म्यांनाच मिळत राहिली तर’ येणारा आहे. बाजारातून ती काढून घ्यायची, असं तुम्हीही म्हणणार नाही. उरतो एकच न्याय्य मार्ग: ती सगळ्यांना द्यायची. जागतिक आरोग्य संघटनेचा शब्द पूर्ण वाचायला हवा. ज्या देशांत प्रसार फार जास्त आहे तिथे ती सार्वत्रिक लस सुचवत नाही, पण जिथे तो जास्तकडून मध्यमकडे सरकतो आहे तिथे सुचवते, कारण नेमक्या त्याच टप्प्यावर नुकसान सगळ्यांत जास्त असतं. भारत एका टप्प्यावर नाही. बिहारमधलं एखादं गाव आणि रिजच्या पायथ्याचं कमलानगर यांना एकच सरासरी लावणं चूक आहे. म्हणून माझी मागणी देशभर एकदम करा अशी नाही, शहरांपासून सुरुवात करा अशी आहे. इस्रायलने 1999 मध्ये दीड आणि दोन वर्षांच्या बाळांना ती द्यायला सुरुवात केली आणि काही वर्षांतच रुग्णांचं प्रमाण 95 टक्क्यांनी खाली आलं. महत्त्वाचं म्हणजे लस न घेतलेल्या मोठ्या माणसांतही ते घटलं, कारण हा विषाणू वाहणारी लहान मुलंच असतात. कावीळ दिसण्याआधी दोन आठवडे मुलाच्या शौचातून विषाणू बाहेर पडत असतो. त्यामुळे आजारी मुलाला शाळेत पाठवू नका, या सूचनेने फारसं काही थांबत नाही.

आणि नळाकडे मी पाठ फिरवत नाही. दिल्लीच्या जुन्या वस्त्यांत दूषित पाणी घरात येतं कसं, ते जवळून पाहायला हवं. पाणी दिवसातून ठरावीक तास येतं. पुरवठा बंद झाला की नळातला दाब उतरतो. शेजारून जाणाऱ्या गटाराच्या गळतीतलं पाणी नळाच्या फटीतून आत ओढलं जातं. त्यावर घरोघरी नळाला थेट जोडलेल्या मोटारी, म्हणजे दाब कमी होण्याऐवजी शोषण सुरू होतं. सकाळी पाणी आलं की पहिल्या काही बादल्या वास येतो म्हणून ओतून देतात, आणि पाणी स्वच्छ दिसलं की भरतात. ए च्या विषाणूला वास नसतो, रंग नसतो. हे दुरुस्त व्हायला जमिनीखालचे नळ आणि गटारं दोन्ही बदलावी लागतील, दाब चोवीस तास ठेवावा लागेल. मलकापूरने ते केलं, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण दिल्लीच्या आकाराच्या शहरात हे काम उद्या सुरू झालं तरी त्याला एक-दोन दशकं लागतील. आज जन्मलेल्या बाळाची पहिली पाच वर्षं तोवर संपलेली असतील. नळ सुधारेपर्यंत त्याने बालपण थांबवून ठेवावं, असं तर म्हणता येत नाही.

पूर्वपक्ष: बरं. पण सरकारी केंद्रात बाळाला एका लसीसाठी दोनदा आणायला लावाल, तर दुसऱ्यांदा निम्मे लोक येणार नाहीत. आणि पैसा?

उत्तरपक्ष: दोन प्रकारच्या लसी आहेत. मृत विषाणूची लस सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोसांत देतात. दुसरी सजीव पण निष्प्रभ केलेल्या विषाणूची, चीनमध्ये तयार झालेली, तिचा एकच डोस. या एका डोसावर भारतातलं सगळ्यांत दीर्घ काम महाराष्ट्रातच झालं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात शीला भावे, आशिष बावडेकर, आनंद पंडित आणि सहकाऱ्यांनी लस दिलेल्या मुलांचा मागोवा घेतला, आधी दहा वर्षांनी आणि मग पंधरा वर्षांनी. तपासलेल्या बहुसंख्य मुलांत संरक्षण टिकून होतं. तेव्हा ‘दुसऱ्यांदा येणार नाहीत’ या अडचणीला उत्तर आहे. मृत विषाणूच्या लसीचंही एका डोसावर भागतं, हे अर्जेंटिनाने दाखवलंच आहे. पैशाबद्दल बोलायचं तर रोटाव्हायरसची लस भारतीय उत्पादकांमुळे स्वस्त झाली आणि सरकारी कार्यक्रमात देशभर पोहोचली. न्यूमोकोकलची लस 2021 मध्ये देशभर आली. हिपॅटायटिस ए ची पहिली देशी लस हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने जानेवारी 2024 मध्ये बाजारात आणली. एकेका डोसाची खासगीतली किंमत धरून सरकारचा हिशेब मांडणं चूक आहे. लाखो डोसांची एकत्र मागणी नोंदवली की भाव वेगळा होतो. आणि केंद्र सरकारची वाट पाहायलाच हवी असं कुणी म्हणालं, तर नवी मुंबई आठवावी. नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये टायफॉइडची नवी संयुग्मित लस स्वतः मोहीम काढून एक लाखाहून जास्त मुलांना दिली. सरकारी यंत्रणेतून ती लस देण्याची जगातली ती पहिली मोहीम होती. दिल्लीनेही पूर्वी देशाच्या आधी एमएमआर आणि टायफॉइडच्या लसी आपल्या वेळापत्रकात घेतल्या होत्या. शहराने पाऊल उचलायचं आणि देशाने मागून यायचं, ही रीत आपल्याकडे आहे.

पूर्वपक्ष: आणि मोठी माणसं? गटारात उतरणारा कामगार, त्याला कोण टोचणार? खरं तर त्याला गटारात उतरवणंच हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने बंद करायला हवं होतं.

उत्तरपक्ष: बंद करायलाच हवं, आणि लस हा त्याला पर्याय होऊ शकत नाही. गटारातला वायू माणसाला मारतो, तिथे कुठलीही लस कामाची नाही. पण सांडपाणी केंद्रांवर, पंपांवर, यंत्रांवर माणसं राहणारच. त्यांच्यातले बहुतेक जण ज्या वस्त्यांत वाढले तिथे लहानपणीच हा आजार होऊन गेलेला असण्याची शक्यता मोठी, म्हणून आधी अँटिबॉडीची रक्ततपासणी आणि नसतील तरच लस, हे शहाणपणाचं. मला ज्यांची जास्त काळजी वाटते ते वेगळे आहेत: ज्यांच्या यकृताला आधीच जुना आजार आहे. हिपॅटायटिस बी किंवा सी ने पोखरलेल्या यकृतावर ए चा संसर्ग झाला तर तो जीवघेणा ठरू शकतो. 28 जुलै 2018 पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातून बी आणि सी चे उपचार सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. तो रुग्ण दारात आलेलाच आहे, त्याची फाईल उघडलेली आहे. ए ची तपासणी करून लस द्यायला वेगळी मोहीम लागत नाही. हिमोफिलियाचे, एचआयव्हीचे रुग्ण, सुईने नशा करणारे, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष यांनाही हेच लागू. आणि घरात एखाद्याला ए झाला, तर बाकीच्यांना दोन आठवड्यांच्या आत लस दिली तर अजूनही उपयोग होतो; ही गोष्ट किती घरांना सांगितली जाते?

पूर्वपक्ष: माझी एक अट आहे, आणि ती मान्य नसेल तर मी या लसीच्या विरोधातच राहीन. कावीळ झालेल्या प्रत्येक रुग्णाचं रक्त ए साठी आणि ई साठी, दोन्हींसाठी तपासायचं, आणि निकाल वस्तीनुसार, पाण्याच्या नमुन्यांबरोबर जाहीर करायचा. नाहीतर पुन्हा 1955 होईल: साथ एकाची, पंचवीस वर्षं नाव दुसऱ्याचं.

उत्तरपक्ष: अट मान्य, आणि ती लसीच्याही आधी सुरू व्हावी. रिजच्या पायथ्याच्या वस्त्यांपासूनच सुरू व्हावी, कारण तिथे पाणी शुद्ध करणारं केंद्र, महापालिकेचं मोठं रुग्णालय आणि बाहेरगावहून आलेले विद्यार्थी हे सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ए चा आकडा वयानुसार मांडला की कळेल, आजार अजून पाच वर्षांखाली आहे की विशीकडे सरकला आहे. सरकला असेल तर लस लगेच. ई चा आकडा वाढला तर तो सरळ जलमंडळाच्या टेबलावर, कारण आपल्याकडे त्याला नळ दुरुस्त करण्यावाचून उत्तर नाही. आणि बाळांसाठी नवी फेरी नकोच. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसासाठी आणि त्रिगुणीच्या वर्धक डोसासाठी आई मुलाला घेऊन येतेच. त्याच दिवशी, दुसऱ्या मांडीत.